बटणांचा डाव

बेल्याच्या बाजारात पोळ्याआधी एक शिंपी बैलांच्या झुली शिवायला बसायचा. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. गिऱ्हाईक नसलं की खाकी कापडावर खडूनं चौकटी आखून तो एकटाच काळी-पांढरी बटणं मांडायचा. विशाखापट्टणमच्या बंदरावर हमाली करताना एका जपानी खलाशानं त्याला हा 'गो' नावाचा खेळ शिकवला होता.

त्या वर्षी माझ्या जोडीच्या झुली शिवायला टाकायला गेलो आणि डावाला बसलो. बटणांभोवतीच्या मोकळ्या जागांना तो श्वास म्हणायचा; ते संपले की बटण मेलं. दोघांची बटणं एकमेकांना वेढून बसली की बोटाच्या टोकानं हळूच मोजायचा. "तुमचे दोन, माहे तीन. तुमी आधी मरता," हे सांगताना त्याचाच चेहरा पडायचा.

मग त्यानं माझं एक बटण मारलं. मी लगेच तिथंच माझं ठेवून त्याचं उचलायला निघालो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"लगेच नाई घेता येत. नाई तं दोघं जलमभर हेच करत राह्यतील. आधी एक चाल दुसरीकडं खेळा."

माझा हात तसाच राहिला. आमच्या शेतवाटेवर धाकटा भाऊ मला अडवायला काट्या टाकायचा, मी काढायचो, तो पुन्हा टाकायचा. पेरणीपासून हेच चाललं होतं.

मी म्हणालो, "आणखी एका जोडीच्या झुली शिवा."

"बैल आणा मापाला."

"लिहून घ्या," म्हणालो. भावाच्या दोन्ही बैलांची मापं मला तोंडपाठ होती.