खिंडीत राहिलेला फेद्या

पलटणीतल्या साहेबांनी विचारलं, घरच्यांनी विचारलं — खरं कुणालाच सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय. सांगितल्यावर तुम्ही माझ्याकडे कसे बघाल?

मी आटपाडीचा. मेंढरांमागं वाढलो, फौजेत गेलो, आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेलो आणि कैदी होऊन इटलीत पोचलो. इटलीनं शस्त्रं टाकली, छावणीची फाटकं उघडली, आणि जर्मन यायच्या आत आम्ही डोंगरात पांगलो. तिथं एका गवळ्याच्या गोठ्यात फेद्या भेटला — जर्मनांच्या कैदेतून पळालेला रशियन.

पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर पळायच्या शर्यती असतात, हे मला कुठं ठाऊक होतं? त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. फेद्या त्या शर्यतींतला नावाजलेला गडी. लहानपणी पिंपाच्या फळ्या बांधून शाळेत जायचा. पुढं मॉस्कोच्या मोठ्या शर्यतीत लागोपाठ दोन हिवाळे पहिला आला. तिसऱ्या हिवाळ्याआधी युद्ध आलं, आणि त्याला स्कींवरच आघाडीला धाडलं. हे सगळं तो मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगायचा — शेवटच्या चढाला जीव कसा जातो ते धापा टाकून दाखवत. मी पोट धरून हसायचो.

गवळ्याच्या जुन्या स्कींवर त्यानं मला उभं राहायला शिकवलं. मी पडायचो, तो उचलायचा. खिंडीपलीकडे स्वित्झर्लंड होतं — ते युद्धात नव्हतं, तिथं पोचलो की सुटलो. एकटा असता तर तो केव्हाच पोचला असता — माझ्यासाठी का थांबला? मी विचारलं नाही. विचारलं आणि निघून गेला तर?

मला जरा जमायला लागलं तसे आम्ही दोघं निघालो. खिंडीत, भर दुपारी, वरून बर्फ सुटलं. मी बाजूला फेकला गेलो. उठून बघतो तर फेद्या कमरेपर्यंत गाडलेला, पाय मोडलेला. पण जिवंत — डोळे माझ्यावर. मी उकरायला लागलो, तर वर पुन्हा बर्फाची करकर सुरू झाली. माझे हात थांबले.

"खाली चौकी आहे," तो म्हणाला. "माणसं घेऊन ये."

त्याच्या खांद्यावर माझं कांबळं टाकलं, "आलोच" म्हणालो आणि निघालो. इथवरचं मी स्वतःला माफ केलं असतं.

चौकीत स्विस शिपायांनी शेकोटीजवळ बसवलं, गरम सूप दिलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मागं आणखी कुणी आहे?" भिंतीला बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी टेकवलेली. दोर होते. धडधाकट माणसं होती. आणि मला कळलं — हो म्हणालो, तर वाट दाखवायला मलाच वर नेतील. त्या करकरणाऱ्या बर्फाखाली.

"नाही," मी म्हणालो. "एकटाच आहे."

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. बाहेर अजून चांगला उजेड होता — खिडकीतून खिंड दिसत होती. मी तिकडं पाठ करून बसलो.

युद्ध संपल्यावर थोरला भाऊ, आण्णा, मला न्यायला साताऱ्याला आला. बोलता बोलता माझ्या तोंडून फेद्याचं नाव गेलं.

"मग त्यो कुटं हाय रं आता?"

"गेला की आपल्या मुलखाला. लय शर्यती मारतोय."

किती सहज आलं हे तोंडात! आण्णानं गावभर सांगितलं. माझी बायको, सोना, म्हणाली, "आवं, त्या मान्सानं तुमाला चालाय शिकिवलं. त्येला इसरू नगासा."

आता सांगलीत मोटार चालवतो. स्टेशनाबाहेर एखादा गोरा माणूस दिसला तरी तोंड फिरवतो — हा त्याचाच भाऊ असेल तर? मलाच शोधत आला असेल तर?

फेद्या लगेच मेला नसेल. छातीचा दणकट होता. चौकीच्या वाटेकडे बघत राहिला असेल.

सोना दर सोमवारी देवापुढं त्याचं नाव घेते. "त्येला सुकात ठेव," म्हणते. मी शेजारी हात जोडून उभा असतो, आणि तिच्यामागोमाग तेच म्हणतो — तिला ऐकू जाईल असं.