वनमालाबाईंची सही

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. आता तलाठीपदावरून निवृत्त झालो, चौकशीची भीती उरली नाही म्हणून धीर आला, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही.

पांढरकवड्याजवळ माझा साझा होता, म्हणजे तीन गावांच्या जमिनींचे कागद माझ्याकडे. उन्हाळ्यात गजानन अर्ज घेऊन आला. वडील वारले होते, आई आधीच गेलेली. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. वारस दोनच : तो आणि पुसदला दिलेली बहीण वनमाला.

मी म्हणालो, "आधी बहिणीची हक्कसोड आण. मग एकाच फेरफारात तुझं एकट्याचं नाव लावून देतो."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत कागद. वारस नोंदीला तो लागत नाही. दोघांची नावं लावायची. हिस्सा सोडायचा की नाही, ते बहिणीनं मागाहून ठरवायचं. पण आमच्याकडे बरेच तलाठी असंच करत. दुसरा फेरफार लिहायचा त्रास वाचे. भावांनाही बरं वाटे. बहिणींना कुणी विचारत नसे.

वनमालाबाई राखीला येणार होत्या. मुलीला डेंग्यू झाला. दिवाळीला नक्की येते, असा निरोप आला. अर्ज माझ्या कपाटात राहिला. सोयाबीन काढताना गजाननला साप चावला आणि तो गेला.

मागे बायको सुनंदा आणि दोन मुली. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला विमा होता, पण तेव्हा मृताचं नाव सातबाऱ्यावर असावं लागे. नायब तहसीलदारांनी मला बोलावलं.

"अर्ज कधीचा?"

"मे महिन्यातला, सर. बहिणीची हक्कसोड बाकी होती."

"ती कोणत्या नियमात लागते?"

त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'वारसांकडून कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने नोंद प्रलंबित.' वाक्य व्यवस्थित होतं. पुढं कुणी काही विचारलं नाही. क्लेम नामंजूर झाला.

नामंजुरीच्या पत्रात माझं वाक्य जसंच्या तसं उतरलं होतं. सुनंदानं ते माझ्यापुढं धरलं. "ननदबाई आल्या असत्या तं झालं असतं ना, पटवारीसाहेब?"

"कागद पूर्ण झाला असता," मी म्हणालो.

तिनं शेत बटाईनं दिलं आणि शाळेत खिचडी शिजवायला लागली. पुढल्या वर्षी दिवाळीला वनमालाबाई आल्या, तेव्हा तिनं दार उघडलं नाही. पुढं कधीच नाही. आपल्या सोयीसाठी घातलेली अट लोक कायदा समजतात. काही वर्षांनी घालणाराही तसंच समजू लागतो.

गेल्या वर्षी मी पुसदला गेलो. वनमालाबाईंनी ओळखलं. खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

"माह्या एका सहीपायी भावाच्या लेकरायचं नुकसान झालं," त्या म्हणाल्या. "तुमालेबी साहेबायचं बोलणं खा लागलं असन. माफ करजा."

ती सही लागतच नव्हती, एवढंच मला सांगायचं होतं. एसटीत ते वाक्य मी दोनदा जुळवलं होतं.

मी म्हणालो, "चहा चांगला झालाय."