पेलिकनखालचा कोपरा

चर्चच्या दुरुस्तीचा ठेका घेणाऱ्या माणसाने मला फसवलं. पैशांत नाही, ते त्याने चोख दिले. त्याने माझं नाव झाकलं.

छावणीतलं हे चर्च इंग्रजांच्या काळातलं. कुणा गोऱ्या साहेबाची बायको इथे तापाने गेली. तिच्या आठवणीसाठी त्याने वेदीमागे रंगीत काचांची खिडकी बसवली आणि तिचं नाव काचेतच भाजून घेतलं. खालचा भाग फुटला होता, म्हणून ठेकेदार माझ्या मोशीच्या वर्कशॉपवर आला. मी दुकानांच्या काचा पुसण्यापासून काचेवर रंग भाजायच्या भट्टीपर्यंत आलेला माणूस. तासभर घासाघीस केली आणि शेवटी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भाव उतरवला.

"पण कोपऱ्यात वर्कशॉपचं नाव भाजणार. करंगळीएवढं."

"राव, तिथे कोण वाचायला जातंय?"

"मग लिहू द्यायला तुमचं काय जातंय?"

तो हसला आणि माझ्या हातावर हात मारला.

काचा आल्या. झेंडा धरलेलं कोकरू, जहाजाचा नांगर, आणि खाली स्वतःच्या छातीत चोच खुपसलेला पांढरा पक्षी, पायाशी पिल्लं. माझ्या मिस्त्रीची उमर चाकणला मोटारींच्या पेंट शॉपमध्ये गेलेली. चोचीखालचे लाल थेंब दिसताच त्याने खडूने फुली मारली.

"रंगाचा ओघळ आलाय. आमच्या कंपनीत असा दरवाजा रिजेक्ट व्हायचा."

ब्लेड घेऊन तो खरवडायला वाकला तेव्हा मी असा ओरडलो की शेजारच्या शेडमधली माणसं डोकावली. त्या थेंबांचा अर्थ मलाही माहीत नव्हता. पण ओघळ इतके सारखे येत नाहीत. मी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं.

त्यांनी चष्मा लावला. "हा पेलिकन. जुन्या लोकांचा समज असा, की पिल्लं मरायला टेकली की ही आई छाती फोडून त्यांना रक्त पाजते. म्हणून ही ख्रिस्ताची खूण. नांगर आशेचा, वादळात जहाज धरून ठेवतो. आणि कोकरू मारलेलं, तरी उभं. मरणावर जिंकलं म्हणून झेंडा."

मिस्त्रीने बाहीने फुली पुसली. "म्हणजे हा पास."

एका पिल्लाचं डोकं आणि एक थेंब नव्याने करायचा होता. तो लाल रंग भट्टीत दर वेळी काळपट पडे. मी काचा फोडल्या, शिव्या दिल्या, पुन्हा लावल्या. जमला तेव्हा आम्ही दोघं ती काच उजेडात धरून बघत राहिलो. आज ऊन पडलं की जुना थेंब कुठला आणि माझा कुठला, हे मलाही ओळखता येत नाही. एवढं काम या पट्ट्यात दुसऱ्या कुणी करून दाखवावं.

खिडकी पुन्हा खुली झाली त्या दिवशी मी बायकोला घेऊन मागच्या बाकावर बसलो होतो. ठेकेदार माइकवर म्हणाला, "काचकामाचे तज्ज्ञ आम्ही बाहेरून आणले." मी भाजलेलं नाव बायकोला दाखवायला पेलिकनखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची रुंद पट्टी, कंपनीच्या शेडला मारतात तशी. नेमकी नावावर.

"गळू नये म्हणून मारली, भाऊ," तो नंतर म्हणाला.

बाकी कोपरे उघडे आहेत. पाऊस काय माझं नाव बघून येतो?

साहेबाच्या बायकोचं नाव अजून वाचता येतं, आणि यावंच. मला तिच्या शेजारी बसायचं नाही. माझा सौदा करंगळीचा होता. ठेकेदाराने रविवारी, लोक बाकांवर असताना, पाळकसाहेबांसमोर उभं राहून सांगावं की पट्टी कशासाठी मारली आणि ते बाहेरचे तज्ज्ञ कोण. मग स्क्रू त्यानेच काढावेत. स्क्रू ड्रायव्हर मी आणतो.