कॉलरचं उघडं बटण

लॉन्ड्रीच्या मालकांना सगळी गल्ली 'मूळपुरुष' म्हणायची आणि त्यांना तो बहुमान वाटायचा. कुठल्याही वस्तूचं मूळ विचारा, उत्तर तयार. प्लॅस्टिकच्या स्टुलाला मध्ये भोक का असतं? तर म्हणे, एका राजाला बसल्याबसल्या फार उकडायचं. राजाच्या काळात प्लॅस्टिक कुठून आलं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण विचारणाऱ्याचे कपडे आत अडकलेले असायचे. चमच्याला खळगा का असतो, हेसुद्धा त्यांनी एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसाला चहा गार होईपर्यंत समजावलं होतं. त्या गृहस्थानेही मान डोलावली. ऐकणारे असे मिळाले, तर बोलणाऱ्याने का म्हणून थांबावं?

काउंटरवर मूळपुरुषांचं तोंड चालायचं आणि मागे टेबलावर त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, हात. याला ते धंद्याची वाटणी म्हणत.

काकूंच्या उजव्या हाताचा अंगठा वाकत नसे. खालची बटणं त्या कशीबशी लावत, तिथलं कापड एवढं जाड नसतं. पण कॉलरचं बटण म्हणजे आत कडक अस्तर, त्यावर खळ, आणि काज एवढंसं. तिथे अंगठ्याने रेटावं लागतं, आणि तेच काकूंना जमत नसे. म्हणून त्या लॉन्ड्रीतून बाहेर पडणारा प्रत्येक शर्ट गळ्याशी उघडा असायचा.

अंगठा असा झाला तो मूळपुरुषांच्या तोंडापायी. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. तेव्हा इस्त्री ते स्वतः करायचे. एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने घड्याळाचे काटे डावीकडून उजवीकडेच का फिरतात, असं विचारलं. झालं! इस्त्री टेबलाच्या कडेला तशीच उभी ठेवून स्वारी काउंटरवर. हातवारे करताना पाय वायरीत अडकला, इस्त्री कलंडली. खाली बसून कपडे निवडणाऱ्या काकूंनी ती हातावर झेलली. का झेलली? तर खाली गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट होता. शर्टाला डागसुद्धा पडला नाही.

दवाखान्यात मूळपुरुष ढसाढसा रडले होते. "माझ्यामुळे झालं गं, माझ्या बडबडीमुळे झालं," असं नर्ससमोर म्हणाले होते. काकूंनी ते वाक्य जपून ठेवलं. दुसरं जपून ठेवावं असं त्या तोंडातून फारसं निघालंही नव्हतं.

पुढे एक गिऱ्हाईक भांडायला आलं. सगळीकडे कॉलरचं बटण लावून देतात, त्याशिवाय घडीत कॉलर बसते का, तुम्हीच कसले आळशी? मूळपुरुषांनी क्षणभर मागे पाहिलं आणि पुडी सोडली. "साहेब, जुन्या खानदानी घरांत गळा मोकळाच ठेवायचे. बंद गळा नोकरांचा. आम्ही माणूस बघून इस्त्री करतो." भांडायला आलेला साहेब छाती फुगवून गेला. तेव्हा काकूंना बरं वाटलं होतं. नवऱ्याने आपल्याला सांभाळून घेतलं, असं त्यांना खरंच वाटलं.

पण पुडीला पाय फुटले. गिऱ्हाइकं आपल्या मित्रांना ते मूळ सांगू लागली. दारावर पाटी लागली: 'मोकळ्या गळ्याची खानदानी इस्त्री'. समोरच्या लॉन्ड्रीत तर सगळ्यांचे अंगठे धडधाकट होते, तरी त्यांनीही बटण उघडं ठेवायला सुरुवात केली. दरवेळी गोष्टीत भर पडायची. घराण्यांच्या जागी दरबार आला, दरबारात खास कपडेवाले आले, आणि अखेर त्या कपडेवाल्यांत मूळपुरुषांचे पणजोबा येऊन बसले. पणजोबा खरे तर सायकली दुरुस्त करायचे. मागे वाफेत उभ्या काकू हे सगळं ऐकत आणि शर्टाच्या बाहीवर जरा जास्तच जोरात इस्त्री दाबत. त्यांना पाटी नको होती, कौतुकही नको होतं. नवऱ्याने दवाखान्यातलं ते वाक्य एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःहून ते मागायला त्यांचा जीव धजत नव्हता. मागून घेतलेल्या गोष्टीला काय चव?

मुलाचं लग्न झालं आणि सून दुकानात येऊ लागली. पोरगी चुणचुणीत. पहिल्याच दिवशी तिने शर्टांच्या घड्या घातल्या आणि सरळ कॉलरची बटणं लावून टाकली. मूळपुरुषांनी ते पाहिलं आणि काउंटर सोडून धावत आले.

"अगं, काय केलंस हे! उघड ती. आपल्याकडे गळा मोकळा असतो."

"का पण, बाबा?"

का म्हटल्यावर मूळपुरुषांचा चेहरा खुलला. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही कान टवकारून पुढे सरकली. "त्याचं असं आहे, माझे पणजोबा दरबारात..."

काकूंनी इस्त्री बंद केली. पुढे येऊन त्यांनी आपला उजवा हात टेबलावर, सगळ्यांसमोर, उताणा ठेवला. अंगठा काठीसारखा ताठ होता आणि त्याच्या मुळाशी जुना चकचकीत व्रण.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण याच्याकडे बघून सांगा."

मूळपुरुषांनी हाताकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांचं ते वाक्य आता येणार, या आशेने काकूंचे डोळे भरूनही आले होते.

"हां, हा होय?" मूळपुरुष सुनेकडे वळून प्रेमाने म्हणाले. "घाबरू नकोस गं. तुझ्या सासूबाईंचा अंगठा जन्मापासूनच असा आहे. त्यांच्या माहेरी सगळ्यांचेच असतात. त्याचंही एक मूळ आहे..."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. इतकी मुळं सांगता सांगता या माणसाने स्वतःच्या घरातलं एकमेव खरं मूळ उपटून फेकून दिलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

काकूंनी हात उचलला. पदराने पुसला, जणू काही लागलं होतं त्याला. सुनेने सासूच्या तोंडाकडे पाहिलं, व्रणाकडे पाहिलं, मग गरम इस्त्रीकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने तयार शर्टांची चळत पुढे ओढली आणि एकेका कॉलरचं बटण लावायला सुरुवात केली.

"अगं, अगं, गिऱ्हाइकं काय म्हणतील?" मूळपुरुष कळवळले. "त्यांना काय सांगू मी?"

"सांगा काहीतरी," काकू म्हणाल्या आणि इस्त्रीचं बटण पुन्हा चालू केलं. "तुम्हाला काय कमी आहे?"