डाव्या कोपऱ्यातली सुनेत्रा

सुनेत्रा आमच्याच ब्लॉकमध्ये राहते, दोन मजले खाली. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या या बिल्डिंगीत मराठी घरं दोनच, त्यामुळे मोहरी संपली की कुणाचं दार वाजवायचं हे ठरलेलं. बाई त्रेचाळीस वर्षांची. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीत मॅनेजर, नवरा अभय जहाजावर इंजिनिअर, म्हणजे वर्षातले सहा महिने घरी नाही. अशा बाईनं रविवारी सकाळी काय करावं? झोपावं. फार तर लिटिल इंडियात जाऊन कढीपत्ता आणावा. ही बया फुटबॉल खेळायला जायची, तेही आयरिश बायकांच्या टीममधून.

तिला ओढलं ऑफिसातल्या एका आयरिश मुलीनं. टीमला माणसं कमी पडत होती आणि सुनेत्रा कधीतरी बोलून गेली होती की मी सांगलीला असताना कबड्डी खेळायचे. खेळायचे काय, राज्याच्या संघात होती ती. डावा कोपरा सांभाळायची. पण संघात म्हणजे बारा जणींत. राष्ट्रीय स्पर्धेला गेली, सहा दिवस बाकावर बसली आणि एक मिनिटही मैदानात न उतरता परत आली. पुढच्या वर्षी नोकरी लागली, खेळ सुटला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, पोळ्या लाटताना, आणि लाटणं इतकं दाबलं की पोळी फाटली. म्हणून मला पक्कं ठाऊक होतं, हिला कप-बिप काही नकोय. हिला मैदानात उभं राहायचंय.

टीमचा कोच डेक्लन. साठी उलटलेला, लालबुंद, आयर्लंडच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला बारा वर्षं खेळलेला. इथे वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की खेळ थांबवून शेडखाली जावंच लागतं, आणि तिथे हा माणूस सुरू व्हायचा. त्याच्या लीगमधले दांडगे खेळाडू, हा त्याचा आवडता विषय. पगार एवढासा, त्यामुळे प्रत्येकाला दुसरी नोकरी. एक बॅक, म्हणजे बचाव फळीतला, होता म्हणे, पोस्टमन. शुक्रवारी सामन्यात भुवईला सात टाके पडले, आणि शनिवारी सकाळी हा पत्रं वाटायला हजर. मुली विचारायच्या, सगळ्यात टफ कोण होता? डेक्लन म्हणायचा, "पाडणारे पुष्कळ होते गं. पडल्यावर रेफरीकडे न बघता उठून धावत सुटणारे तीनच बघितले मी."

सुनेत्रा हे सगळं देवळातलं कीर्तन ऐकावं तसं ऐकायची. मी एकदा तिच्याबरोबर डबा घेऊन गेले होते, तेव्हा म्हटलं, अगं, तो फेकतोय. तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

डेक्लननं तिला डावी बॅक केली आणि पाच सामने ती बरी खेळली. सहाव्यात घात झाला. समोरच्या टीमची एक उंच, सोनेरी वेणीची पोरगी बॉल घेऊन हिला चकवून निघाली. सुनेत्रा पडली. पडली ती पडली, पण पडल्या पडल्या तिनं दोन्ही हातांनी त्या पोरीचा घोटा धरला. नुसता धरला नाही, छातीशी ओढून गच्च आवळला. सांगलीच्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला असता. इथे शिट्टी वाजली. लाल कार्ड, पेनल्टी, गोल, सामना गेला. वर हिची लेक अवनी कडेला उभी राहून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "मम्मी, दॅट वन रग्बी लाह."

शिक्षा एका सामन्याची होती. डेक्लननं मात्र तिला पुढचे तीन सामने बसवून ठेवलं. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "तुझे पाय माझ्याकडे आहेत, हात अजून इंडियात आहेत. हात आले की सांग."

पुन्हा बाक. तो हे म्हणाला त्या संध्याकाळी मी खाली गेले तर ही अंधारात सोफ्यावर बसलेली. मी म्हटलं, पुरे झालं आता, त्रेचाळिसाव्या वर्षी कशाला जिवाला घोर? योगाच्या क्लासला ये माझ्याबरोबर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मग म्हणाली, "मधुरा, उद्या सकाळी सहाला खाली ये. बूट घालून."

पाच आठवडे. देवा रे, पाच आठवडे या बाईनं मला ब्लॉकमागच्या गवतावर पळवलं. मी चढाई करणारी, ही अडवणारी. बॉल मला पायानं ढकलता येत नाही, तर हिचं म्हणणं, तसाच ढकल. हिच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू. लिंबू खाली पडलं की ही स्वतःलाच वीस उठाबशा काढायला लावायची. पहिल्या आठवड्यात मी पळून गेले की लिंबं धपाधप गवतात. हात शिवशिवायचे तिचे, मला दिसायचं. मी वैतागून म्हणायचे, सोड ना गं. ही लिंबं उचलून पुन्हा जागेवर.

तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बदललं. ती माझ्या अंगावर यायचीच थांबली. अर्धवट वाकून, पावलं लहान टाकत, मला आत येऊ द्यायची. आत, आणखी आत, आणि मी बॉल पुढे मारला रे मारला की ही मधे. मी विचारलं, हे डेक्लननं शिकवलं? "छे," म्हणाली, "कोपऱ्यात हेच तर करतात. चढाईवालीला आधी आत येऊ द्यायचं. मी नुसती पकड आठवत बसले होते, त्याच्या आधीचं विसरलेच होते."

पाच आठवडे झाल्यावर तिनं डेक्लनला सांगितलं, हात आले. त्यानं मान हलवली आणि शेवटच्या सामन्याला तिला पुन्हा बाकावरच बसवलं. मला असा संताप आला म्हणता! त्या माणसाला जाऊन दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. पण सुनेत्रा बाकावर ताठ बसून होती, बुटांच्या नाड्या आवळून.

आमची टीम एका गोलनं पुढे होती, समोर तीच वेणीवाली टीम. साठाव्या मिनिटाला डाव्या बॅकचा पाय मुरगळला. डेक्लननं बाकाकडे न बघताच म्हटलं, "सुनेत्रा." ती इतकी पटकन उठली की मला हसू आलं आणि रडूही.

वीस मिनिटं छान गेली. मग ती वेणीवाली आली. सुनेत्रा मागे सरली, लहान पावलं, येऊ दिलं, येऊ दिलं, पण पोरगी तरणी होती. खांदा मारून निघाली आणि सुनेत्रा आडवी. तो घोटा तिच्या हातापासून वीतभर. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. सुनेत्रानं तळवे जमिनीवर टेकले, उठली आणि धावली. रेफरीकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीनं गोलावर बॉल मारला तेव्हा ही कशीबशी मधे पोचली आणि तो सरळ तिच्या बरगडीवर बसला. बॉल रेषेबाहेर गेला. सुनेत्रा गुडघ्यांवर.

तिला श्वास घेता येईना, हे लांबून कळत होतं. समोरच्यांना कॉर्नर किक मिळाली होती, सात-आठ मिनिटं उरलेली. डेक्लननं एका ताज्या दमाच्या मुलीला उठवलं, रेषेवर आणून उभं केलं आणि सुनेत्राला हाक मारली. सुनेत्रानं ऐकली. एक हात बरगडीवर दाबून उभी राहिली आणि त्याच्याकडे पाठ करून गोलच्या डाव्या खांबापाशी जाऊन थांबली. त्यानं पुन्हा हाक मारली. ती वळली नाही.

डेक्लन थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं तिला परत बाकावर बसवलं.