सुरतेला गेलेली कोरियन आई

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! चार बायका, एक कूलर आणि एक कोरियन सिरियल एका खोलीत ठेवा, महिन्याभरात डबा भरतो. आमचा तर दोन वर्षांत ओसंडून वाहायला लागलाय.

खोली म्हणजे धुळ्यात देवपूरला आमच्या घराची पुढची खोली. मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवते, एक वाजता घरी येते. दोन ते चार आमचा शो. प्रेक्षक ठरलेले. माझ्या सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, बोलणं अस्सल अहिराणी. समोरच्या शोभाताई, ब्लाउजना हुक लावता लावता बघणाऱ्या. पार्लरवाली रेखा. आणि दारातल्या खुर्चीत पेपर धरून बसलेले माझे सासरे नाना, रिटायर्ड एसटी कंडक्टर. नाना सिरियल बघत नाहीत. असं ते म्हणतात!

आणि मी? मी डबिंग! आम्हाला ज्या सिरियल आवडतात त्या नेमक्या हिंदीत नसतात. खाली इंग्रजी पट्टी पळते आणि मी ती वाचून पटापट मराठीत ओरडते. हिरो रडला की मी रडक्या आवाजात, महाराणी चिडली की मी तिच्याहून जास्त चिडून! माझ्या तोंडून निघेल तोच अक्कांचा कोरिया आणि तोच अक्कांचा चीन. याच डबिंगने या उन्हाळ्यात, अक्कांच्या एका रिपोर्टची वाट बघताना, मला पुरतं तोंडघशी पाडलं. ते शेवटी सांगते, आधी बाकीचे ऐका.

* * *

पहिल्याच सिरियलचा पहिलाच भाग. हिरो पावसातून छत्री घेऊन आला. अक्का पुढे सरकल्या.

"लगीन व्हयनं का यानं?"

"नाही अक्का. छत्तीस वर्षांचा आहे म्हणे."

"छत्तीस! आनि तोंडवर एक सुरकुती नई? काय खास रे हाऊ?"

तो खातो काय ते मला माहीत नव्हतं, पण तोंडाला लावतो काय, हा रेखाचा धंदाच. दुसऱ्या दिवशी ती कोरियन मास्क घेऊन हजर! पांढरा, ओला, चेहऱ्याच्या मापाचा कागद, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं. अक्का चटईवर उताण्या झोपल्या, रेखाने तोंडावर मास्क पसरला, वर डोळे निवावेत म्हणून ओला रुमाल टाकला. "वीस मिनिटं हलायचं नाही," असा दम दिला. अक्का कसल्या हलतायत? हात पोटावर घेऊन गार पडल्या.

तेवढ्यात गॅसवाला आला. त्याने दारातून आत पाहिलं. आवाज न करता सिलिंडर टेकवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि नानांच्या कानाशी वाकून विचारलं, "कधी गेल्या?"

मास्कच्या आतून आवाज आला, "अजून नई गई! सिलिंडर घरमां ठेव!"

* * *

नाना सिरियल बघत नाहीत, हे मघाशी सांगितलंच.

एकदा बसचा सीन होता. माणसं चढतायत, मशीनला कार्ड टेकवतायत, जाऊन बसतायत. पेपरच्या मागून प्रश्न आला, "कंडक्टर कथा शे?"

मी म्हटलं, "नाना, तिकडे कंडक्टर नसतो."

"बिनकंडक्टरनी बस?" पेपर थरथरला. "मंग पब्लिक भांडस कोनसंगे?"

त्या दिवशी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत. पण खरी मजा पुढच्या आठवड्यात. हिरॉइन चिठ्ठी हातात घेऊन बसमागे जिवाच्या आकांताने धावतेय, हिरो बसमध्ये, त्याला पत्ताच नाही. म्युझिक चढलंय, आम्ही चौघी श्वास रोखून बसलोय आणि मागून नाना खच्चून ओरडले, "घंटी मार रे! बाई मांगे ऱ्हायनी!"

* * *

चिनी सिरियलचं एक बरं असतं. कपडे बघूनच पोट भरतं! शोभाताई तर बाहीची कापणी बघायला दर पाच मिनिटांनी पॉज करायला लावतात. पण प्रेम? देव आणि देवता तीन जन्म एकमेकांसाठी झुरतात, डोंगर फुटतात, समुद्र आटतात, आणि चाळिसाव्या भागात तो तिचा हात धरतो.

रेखा म्हणाली, "माझं लग्न तर पोहे संपायच्या आत ठरलं होतं!"

* * *

माझं माहेर जळगावचं. थंडीत आबांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या मळ्यात भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, मिरचीचा ठेचा. गेल्या वर्षी मी आमची सगळी गॅंग घेऊन गेले. जेवणं झाली, फोटो काढायचं ठरलं. सिरियलमध्ये करतात तसं आम्ही सगळ्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून बदाम केला. अक्कांनी तर दहा दिवस प्रॅक्टिस केली होती. हात एकदम कॅमेऱ्यासमोर!

आबा शेजारीच उभे होते. त्यांनी अक्कांच्या बोटांकडे पाहिलं. विहीणबाई मागतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं! त्यांनी गुपचूप बंडीतून पुडी काढली, चिमूटभर तंबाखू अक्कांच्या बोटांत ठेवली आणि अदबीने विचारलं, "चुना पाह्यजे का?"

फोटो त्याच क्षणी निघाला. तीन बदाम आणि एक तंबाखू! रेखाने तो अजून डीपीला ठेवलाय.

* * *

किमचीचा किस्सा शोभाताईंनी सांगू नको म्हटलंय, म्हणून थोडक्यातच सांगते.

एका सिरियलमध्ये सगळ्या जावा-नणंदा अंगणात बसून किमचीसाठी कोबीला लाल तिखट चोळत होत्या. शोभाताई उसळल्या, "अगं, हे तर आपल्या ज्वारीच्या पापडांसारखंच, बिबड्यांसारखंच! एकीच्या घरी सगळ्यांनी राबायचं!" झालं. कोबी आला, लसूण आला, घरचं लाल तिखट आलं. बरणी गच्च भरली, झाकण दोघींनी मिळून आवळलं. इथपर्यंत ठीक होतं हो! पण आपल्याकडे बरणी भरली की काय करतात? ऊन दाखवतात! मे महिन्यात, धुळ्याच्या उन्हात, शोभाताईंनी ती बरणी गच्चीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. झाकण शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर सापडलं. माझ्या नवऱ्याचे तीन पांढरे शर्ट तारेवर वाळत होते, ते लाल ठिपक्यांचे झाले. बरणीत तळाला जरा उरलं होतं, ते अक्कांनी बोटाने चाखलं.

"व माय! हाई ते बिघडेल लोनचं शे!"

शोभाताई दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

* * *

आता या उन्हाळ्याचं सांगते.

चैत्रात अक्कांच्या काखेत गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून नाशिकला तपासायला पाठवला. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागणार होते. घरात ठरलं की अक्कांच्या कानावर कॅन्सर हा शब्द पडू द्यायचा नाही. "चरबीची गाठ आहे," एवढंच सांगितलं. त्यांचं बीपी आधीच वर गेलेलं, डॉक्टरांनी टेन्शन देऊ नका म्हणून बजावलेलं. अक्कांनी एक शब्द विचारला नाही. फक्त यंदा बिबड्या दरवर्षीच्या दुप्पट केल्या. मी म्हटलं, "एवढ्या कशाला?" तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पुढला सालले बी व्हतीन."

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या सिरियलचा नववा भाग आला! हिरॉइनची आई खानावळ चालवायची. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. अक्कांचा तिच्यावर भारी जीव. आणि ती बया नवव्या भागात कॅन्सरने मरायला टेकली!

पडद्यावर डॉक्टर मान हलवतोय, खाली पट्टी पळतेय, आणि अक्का माझ्या तोंडाकडे बघतायत. माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर म्हणतायत, इथे इलाज नाही. सुरतेला न्या."

आमच्याकडे कोणी दिसेनासं झालं की ते पोटापाण्यासाठी सुरतेलाच गेलेलं असतं, दुसरं काय सुचणार?

"तठे बी सुरत शे?" अक्कांनी विचारलं.

"तिकडचं सुरत, अक्का. बुसान म्हणतात त्याला."

पण एकदा खोटं बोललं की पुढे निस्तरावं लागतं ना! पुढच्याच सीनमध्ये पांढरी फुलं, मध्ये आईचा मोठा फोटो, फोटोला काळी फीत.

"फोटोले काई फीत काबर?"

"फ्रेमची डिझाइन आहे."

"बठ्ठा काया कपडामां काबर शेत?"

"थंडी आहे ना तिकडे. काळ्याने ऊब येते."

"मंग रडी काबर ऱ्हायनात?"

"आई सुरतेला गेली, करमत नाही त्यांना!"

शोभाताईंच्या तोंडात हुक धरलेले होते म्हणून बरं. रेखा पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाली. नानांचा पेपर जागचा हलला नाही. आणि अक्का म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर रोज शो सुरू झाला की पहिला प्रश्न, "उनी का ती सुरतथीन?" मग मी रोज काहीतरी घालायची. हिरॉइन फोनवर बॉसशी भांडत असायची आणि मी सांगायची, "सुरतेचा फोन आहे. आईने आज खिचडी खाल्ली!"

* * *

रिपोर्ट आला तो दुपारी अडीचला, चौदाव्या भागाच्या मध्येच.

माझ्या मोबाइलवरची सिरियल आम्ही टीव्हीवर लावून बघतो. मेसेज वाजला, मी घाईघाईत बोट लावलं आणि अख्खा रिपोर्ट टीव्हीवर उघडला! एवढाल्या अक्षरांत, सगळा इंग्रजीत. वर अक्कांचं नाव. खालची ओळ वाचली. परत वाचली. आणि मी किंचाळलेच, "अक्का, काही नाही! साधी गाठ आहे! कॅन्सर नाही हो, कॅन्सर नाही!"

शोभाताईंच्या मांडीवरचे ब्लाउज जमिनीवर पडले, रेखाने मला मिठी मारली, आम्ही तिघी लहान पोरींसारख्या उड्या मारायला लागलो.

अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"खोटं," त्या म्हणाल्या.

"अहो खरंच! हे बघा, इथे लिहिलंय!"

"वाचनारी तूच ना?"

रेखा म्हणाली, "अक्का, देवाशपथ खरं सांगतेय ती!"

"तू गप. तू पानी पेवाले पळनी व्हती त्या दिन." मग अक्कांनी माझ्याकडे तोंड केलं. "पहिले माले सांग, सुरतवाली कशी शे? मंग हाई आयकसू."

मी खाली, त्यांच्या चटईवर बसले. त्यांचा हात हातात घेतला.

"ती मेली, अक्का. नवव्या भागातच मेली. सुरत वगैरे काही नाही. काळी फीत त्याचीच होती."

"कॅन्सर व्हता ना तिले?"

"हो."

अक्कांनी मान हलवली. "माले त्याच दिन समजनं व्हतं. आते वाच. बठ्ठं वाच."

मी उठून टीव्हीजवळ गेले आणि शाळेत फळ्यावर शिकवते तशी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आधी इंग्रजी, मग मराठी. शेवटची ओळ अक्कांनी तीन वेळा वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर अक्कांनी पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि एकदम वैतागून म्हणाल्या, "ते फुकट इतल्या बिबड्या कऱ्यात मी!"

मग काय विचारता! आम्ही हसतोय, रडतोय, शोभाताई अक्कांच्या पाया पडतायत, अक्का त्यांना "हुक तुडवू नको वं" म्हणून ओरडतायत.

तेवढ्यात दाराकडून कसलासा आवाज आला. आम्ही वळून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नानांचा पेपर खाली पडला होता. चष्मा हातात होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मरी गई ती?" नाना म्हणाले. "आनि मी ते रोज वाट दखी ऱ्हायंतू तिनी!"