खडखडीची जागा

नथूभाऊ मिस्त्रींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शनवारा दरवाज्याबाहेरच्या बाजारात. कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी त्यांच्या शेडला कुलूप ठोकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ह्या माणसाच्या हातामुळे माझी मोटार उलटली. शिंगांचा रंग, गोंडे, घुंगरं घ्यायला आलेली माणसं भोवती उभी होती. त्या गर्दीची गोष्ट पुढे सांगतोच. ज्यांनी नथूभाऊंना पाहिलेलं नाही, त्यांना आधी माणूस सांगतो.

मोटार शेडसमोर येऊन थांबली की नथूभाऊ मालकाकडे बघतच नसत. सरळ पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत, चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत, मान तिरकी करून ऐकत, आणि मग उठून मालकाला रामराम घालत. एका वकिलांना हे फार लागलं. म्हणाले, "मिस्त्री, मी इथं उभा आहे."

"दिसलं ना वकीलसाहेब. पन तुमी बोलून सांगाल. ही बिचारी हलवल्याबिगर सांगत नाही."

माणूस नम्र नव्हता. मिशीला ग्रीस लागलं तरी पीळ मोडायचा नाही. आपल्यासारखा मिस्त्री खंडव्यापासून भुसावळपर्यंत नाही, हे ते स्वतःच सांगत. आणि दुसऱ्या कोणी तसं म्हटलं, तर "खंडवा कशाला, इटारसी धरा" अशी दुरुस्ती करत. काम झालं की इंजिन सुरू करण्याआधी माव्याची जिलबी मागवून घेत. मालकानं कुरकुर केली तर म्हणत, "गाडीला तेल, मिस्त्रीला तूप. हिशोब सरळ आहे."

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या मंडळाच्या मोटारीमुळे. आम्ही तेव्हा वेठबेगारीविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटत होतो. पाटलाच्या, अंमलदाराच्या दौऱ्यासाठी गरिबाला धरून न्यायचं, ओझी वाहायला लावायची आणि हातावर काही ठेवायचं नाही, ही रीत मोडायची होती. एका भल्या डॉक्टरांनी त्यांची म्हातारी उघडी मोटार आम्हाला दिली. बहादरपूर, दापोरा इथवर तिनं निभावलं. धूलकोटच्या वाटेवर मात्र ती अशी खडखडायला लागली, की सभेला आम्ही पोचण्याआधी आमचा आवाज पोचायचा. आणि सुकाणू सरळ धरलं तरी मोटार कडेच्या काट्यांकडे ओढायची.

नथूभाऊंनी चाक हलवलं आणि निदान केलं. "पुढचे बुश गेले."

बुश म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. मोटारीच्या पुढच्या अंगाचं वजन पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर असतं. कमानीच्या टोकाला कान असतो, कानात कांशाची बोटभर नळी, आणि त्या नळीतून जाडजूड खीळ. ती नळी म्हणजे बुश. रस्त्याचा दणका तिनं सोसायचा. ती झिजली की भोक लांबट होतं, खीळ आत नाचते, आणि चाक आपल्या मर्जीनं चालायला लागतं.

नव्या नळ्या त्यांनी लेथवर कातून आणल्या. मला घाई होती. "हातोड्यानं ठोकून बसवा ना," मी म्हटलं.

"ठोकलं तर तोंड चेपंल. मंग खीळ रडंल, अन् तुमी माझ्याच नावानं पत्रक काढाल."

मोटार उचलून त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, खीळ काढली. कानातून एक लांब बोल्ट ओवला, दोन्हीकडे चकत्या लावल्या आणि नट आवळायला घेतला, सावकाश, जणू कुणाला जागं करायचं नाही. नवी नळी आत सरकू लागली तशी तिच्या रेट्यानं जुनी पलीकडून बाहेर येऊ लागली. "पाहा," ते म्हणाले, "सून आली, सासू निघाली. भांडन नाही, तंटा नाही."

मग त्यांचा नेम. जुनं बुश ते कधी भंगारात टाकत नसत; मालकाला जमिनीवर बसवून त्याच्या तळहातावर ठेवत. "बोट घाला. गोल लागतं का? नाही ना? एवढ्यावर तुमचा जीव होता." मोठमोठ्या माणसांना हे आवडायचं नाही. धोतर मळतं, आणि शिवाय आपण कशावर बसून फिरत होतो हे कळतं.

त्याच दिवशी त्यांनी आमचं पत्रक मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"भाऊ, खडखड लय आहे," ते म्हणाले. "जुलूम जुलूम, अन्याय अन्याय. पन येते कुठून? कोनी केलं, कोनाला, कोनत्या दिवशी? गाडीवाला येतो अन् म्हनतो, मिस्त्री, आवाज येतो. मी त्याला काय दुरुस्त करून देऊ, हवा? जागा दाखवली तर हात घालता येतो."

मला राग आला. पण पुढचं पत्रक मी तसं लिहिलं. गावाचं नाव, बाजाराचा दिवस, कोणाला धरून नेलं, कोणी नेलं. भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या एका कागदानं झालं. त्या गावी बेगार थांबली. आज चार माणसं मला ओळखतात ती तसं लिहिण्याच्या रीतीमुळे. ती मी पुस्तकात शिकलो नाही, शनवाऱ्याच्या धुळीत बसून शिकलो. हे ऋण सांगायला मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतो.

आता शेठजींची मोटार. नथूभाऊंची शेड त्यांच्याच जागेवर होती, हे ध्यानात ठेवा. शेठजींना दौऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबाला मोटारीतून तापीवर न्यायचं होतं, आणि पुढून खडखड येत होती. नथूभाऊंनी चाक हलवलं आणि सांगितलं, "बुश बदलल्याबिगर ही घाट उतरनार नाही. नळ्या कातून येऊ द्या."

"मला फक्त आवाज नको," शेठजी म्हणाले.

"आवाज तिची जीभ आहे शेठजी. जीभ दाबून ताप उतरत नाही."

शेठजींनी मोटार तिथून नेली ती थेट आपल्या बैलगाड्यांच्या आवारात. आपल्याकडे गाडीवान आसाभोवती, चाकाच्या तुंब्यात, एरंडेलात भिजवलेलं चामडं कोंबतात, की कुरकुर थांबते. बैलाच्या चालीला ते चालतं. तेच चामडं झिजलेल्या बुशात कोंबलं. मोटार मुकी झाली. साहेब येण्याआधी शेठजी एकदा उतार उतरून बघायला निघाले, आणि राजघाटाच्या उतारावर चामडं फाटलं, खीळ सरकली, मोटार उलटली. शेठजी वाचले. त्यांचा ड्रायव्हर दगडू ह्याचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी ते कुलूप. नथूभाऊ आधी घाटावर जाऊन आले होते. कमानीच्या कानातून काढलेली चामड्याची चिंधी त्यांनी बाजारात उंच धरली आणि विचारलं, "हे माझं काम आहे का? गाडीवानहो, तुमी तरी बोला. हे कोनाचं काम, तुमाला ठाऊक आहे."

गाडीवान खाली बघू लागले. त्यांच्या गाड्या शेठजींच्याच कापसावर चालतात. दुकानदारांनी रंगाच्या पुड्या बांधायला घेतल्या. ज्यांच्या तळहातावर नथूभाऊंनी जुनं बुश ठेवलं होतं, असे मोटारवालेही तिथं होते. नथूभाऊंनी चिंधी खाली केली. मग शेजारी उभ्या मला म्हणाले, "पाहा भाऊ, सगळ्या बाजाराच्या बुशात चामडं आहे."

त्यानंतर शहरात कोणी त्यांच्याकडे मोटार नेली नाही. ते भुसावळला गेले, आता दुसऱ्याच्या हाताखाली काम करतात. मी भेटायला गेलो तेव्हा मिशीचा पीळ तसाच होता. मात्र खंडव्यापासून भुसावळपर्यंतची गोष्ट त्यांनी काढली नाही. मी काढली, तर म्हणाले, "राहू द्या. तिकडं माझं नाव मोटार पाडनारा आहे."

मला एवढंच सोसत नाही. शेड गेली तर दुसरी उभी करू. नाव कोण कातून देणार?

म्हणून आता तुमच्यापैकी जे त्या दिवशी तिथं होते, त्यांना सांगतो. यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शनवाऱ्याबाहेर त्याच जागी मी नथूभाऊंना बोलावलं आहे. दगडू येणार आहे. चामडं त्याच्यासमोर कोंबलं हे तो मोडक्या हातानिशी सांगणार आहे. पण एकट्या दगडूचं कोण ऐकतो? गाडीवानांनो, ते चामडं कापणारा तुमच्यातला आहे. मोटारवाल्यांनो, आधी आपल्या मोटारीचं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, आणि ते कोणी नीट केलं म्हणून वाजत नाही हे आठवा. मग या. गर्दीत मागे उभे राहू नका. नथूभाऊंच्या समोर उभे राहून, आपल्या तोंडानं, नाव घेऊन सांगा, की तुम्ही काय पाहिलं आणि ते कोणाचं काम होतं.